तळेवाडीच्या गुहेतलं मोठ्या कानांचं वटवाघूळ

(स्क्रीनवर फोटो)

नमस्कार मंडळी! हा चेहरा नीट बघा. नाकाच्याही पुढे आलेले दोन मोठाले कान, आणि तेही कपाळावर एकमेकांना जोडलेले. पाठ गडद चॉकलेटी, खांद्यांवर फिकट करडा पट्टा. शेपटी बघा, पायांमधल्या पडद्याच्या बाहेर मोकळी लोंबतेय. इंग्रजीत ह्याला रॉटन्स फ्री-टेल्ड बॅट म्हणतात.

आणि हे जनावर आपलं आहे, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं!

१९१२ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण चालू होतं. तेव्हा एस. एच. प्रेटर यांना तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत हे वटवाघूळ मिळालं. १९१३ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी नवी जात म्हणून त्याचं वर्णन छापलं. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं जगाला त्याचा एवढा एकच पत्ता ठाऊक होता. पुढे ते कंबोडियात आणि मेघालयातल्या गुहांत सापडलं.

आता, एवढे कान कशाला? हे वटवाघूळ झाडीच्या वर, मोकळ्या आभाळात वेगाने उडत किडे पकडतं. तिथे भक्ष्य लांब असतं. म्हणून ते खालच्या पट्टीतला आवाज सोडतं, कारण असा आवाज हवेत लांबवर जातो. परत येणारा प्रतिध्वनी अगदी क्षीण असतो, तो टिपायला हे कान. पंखही लांब आणि अरुंद. अशा पंखांना जमिनीवरून उडणं अवघड, उंचावरून खाली झेप घेऊनच वेग मिळतो. म्हणजे छत उंच असलेली, शांत गुहा हवीच. तशी गुहा माणसाला बांधून देता येत नाही.

कायद्याने ह्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घेतलंय, वाघाच्या पंक्तीत. त्याच कायद्यात फळं खाणारी वटवाघळं मात्र २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती, आणि हे मला फार चुकीचं वाटतं. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं, त्यामुळे आजूबाजूचं जंगलही राखलं गेलं.

पण गुहेत शिरून टॉर्च मारला, आरडाओरडा केला, धूर केला, की कायदा काय करणार? मादीला बहुतेक एका वेळी एकच पिल्लू होतं. घाबरून थवा उठला तर पिल्लू खाली पडतं. वारंवार त्रास झाला तर वटवाघळं जागाच सोडतात.

२०१८ मध्ये केरळात निपाह विषाणू आला, तेव्हापासून वटवाघूळ दिसलं की लोक दचकतात. निपाहचा मुख्य संबंध मोठ्या फळखाऊ वटवाघळांशी आहे. हे किडे खाणारं. तरी कुठलंच वटवाघूळ उघड्या हाताने धरू नका. घरात शिरलं तर दिवा बंद करा, खिडकी उघडा, ते आपोआप जाईल.

बारापेडेला जायचा रस्ता मी डिस्क्रिप्शनमध्ये टाकलेला नाही. कमेंटमध्ये कुणी विचारलं तर तुम्हीही सांगू नका.