सपाट भिंग आणि पंचरत्नम

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत मशीनवर काम करणाऱ्याला मायक्रोमीटर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, शिकवावं लागत नाही. त्यावरची एक बारीक रेघ म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. तेवढ्या अंतरात एकावर एक सोळा मावतील एवढ्या विटा कल्पून बघा. उंची 600 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), टायटॅनियम डायऑक्साइडच्या. 2016 मध्ये हार्वर्डच्या फेदेरिको कापासो यांच्या गटानं अशा विटा सपाट काचेवर उभ्या केल्या आणि त्यांचं भिंग झालं. त्याला मेटालेन्स म्हणतात.

नेहमीचं बहिर्गोल भिंग मध्ये जाड असतं. काचेत प्रकाश मंदावतो, म्हणून मधला जास्त रखडतो, कडेचा कमी, आणि सगळा एका बिंदूकडे वळतो. इथे मात्र फुगवटाच नाही. एका भिंगातल्या सगळ्या विटा एकाच मापाच्या, फक्त प्रत्येक वीट वेगळ्या कोनात फिरवलेली. वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश, म्हणजे ज्याच्या कंपनाची दिशा गोल फिरत राहते असा प्रकाश, तिच्यातून गेला, की ती जितकी फिरवली असेल त्याच्या दुप्पट कोनानं प्रकाशाची लाट सरकते. जाडीचं काम नुसत्या फिरवण्यानं होतं!

यामागचं तत्त्व आपल्याच राज्यात, कर्नाटकात, मांडलं गेलं, हे मला आवर्जून सांगायचंय. 1956 साली बेंगळुरूत, सर सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत, एस. पंचरत्नम या अवघ्या बावीस वर्षांच्या तरुणानं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरी यांचं याच तत्त्वावरचं काम 1984 चं. आज या तत्त्वाला दोघांचं नाव जोडून घेतात. पंचरत्नम 1969 मध्येच गेले. या भिंगांचा काळ त्यांना बघायला मिळाला नाही.

अडचण रंगांची आहे. लाल आणि निळा प्रकाश एकाच ठिकाणी फोकस होत नाही. म्हणून 2016 ची भिंगं एकेका रंगासाठी वेगळी बनवली होती. पण मोबाईलमधला अंतर मोजणारा सेन्सर डोळ्यांना न दिसणाऱ्या एकाच अवरक्त (इन्फ्रारेड) रंगावर चालतो, त्याला ही अडचण फारशी जाणवत नाही. 2022 पासून अशा सेन्सरमध्ये मेटालेन्स आलेसुद्धा.

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या इंजिनिअरिंगच्या मुला-मुलींनो, शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट शोधताय ना? एका विटेचं गणित संगणकावर मांडा. लांबी-रुंदी बदलून बघा, किती प्रकाश कामी येतो आणि किती वाया जातो. प्रत्यक्ष घडवायची साधनं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत, मुंबईच्या आयआयटीतही आहेत, आणि बाहेरच्या संशोधकांना ती वापरता यावीत म्हणून सरकारी योजना आहे. आपल्या सरांना विचारा, अर्ज करा.