जेराल्डिन पेज : नाटकातून सिनेमात, सिनेमातून पुन्हा नाटकात

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या अभिनेत्रीविषयी बोलणार आहे, तिचं नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल. जेराल्डिन पेज. हॉलिवूडच्या नायिकांची नावं आठवायला बसलं तर हे नाव पटकन ओठांवर येत नाही. तिची ओळख करून देणारे बहुतेक जण ऑस्करच्या आकड्यांपासून सुरुवात करतात. आठ वेळा नामांकन, त्यातल्या सात वेळा हात रिकामे, आणि अखेर वयाच्या ६१व्या वर्षी पुरस्कार. आकडे खरे आहेत. पण त्यातून असं वाटतं की ही बाई जन्मभर त्या बाहुलीची वाट पाहत बसली होती. मला हे अजिबात पटत नाही. वर्षानुवर्षं रात्री साडेआठच्या सुमाराला जिला रंगमंचावर उभं राहायचं असतं, तिला वाट पाहायला वेळ कुठला? म्हणून आज तिची गोष्ट नाटकाच्या बाजूनं सांगते.

तिचा जन्म २२ नोव्हेंबर १९२४चा, मिझुरी राज्यातल्या कर्क्सव्हिल गावचा. वडील ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर. जेराल्डिन लहान असतानाच कुटुंब शिकागोला आलं. मुलीला आधी पियानो वाजवायचा होता. मग सतराव्या वर्षी चर्चच्या हौशी नाटकात काम केलं आणि पियानो मागे पडला तो पडलाच. शिकागोच्या गुडमन नाट्यशाळेतून ती १९४५मध्ये बाहेर पडली, इलिनॉयमधल्या छोट्या गावांतल्या नाटकमंडळ्यांत कामं करत राहिली, आणि मग न्यूयॉर्क. तिथे पोट भरण्यासाठी प्रेक्षकांच्या टोप्या-कोट सांभाळले, दोऱ्याच्या कारखान्यात काम केलं. उटा हेगन या मोठ्या अभिनेत्री-शिक्षिकेकडे ती अनेक वर्षं शिकली. हे हेगनचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

आता १९५२. नाटककार टेनेसी विल्यम्सचं ‘समर अँड स्मोक’ हे नाटक चार वर्षांपूर्वी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य धंदेवाईक रंगभूमीवर, आलं होतं आणि फार न चालता उतरलं होतं. होसे किंतेरो नावाच्या तरुण दिग्दर्शकानं ते पुन्हा उचललं. जागा होती ग्रीनिच व्हिलेजमधल्या शेरिडन स्क्वेअरची, ‘सर्कल इन द स्क्वेअर’. पूर्वी तो नाइटक्लब होता. ब्रॉडवेसारखा उंच मंच नाही, मखमली पडदा नाही, तीन बाजूंना प्रेक्षक, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला नटीचा श्वास ऐकू यावा इतकं अंतर. नाटकातली अल्मा ही मिसिसिपीतल्या एका लहानशा गावच्या पाद्र्याची मुलगी. शिकलेली, गाणारी, अतिशय मर्यादशील, आणि शेजारच्या डॉक्टर मुलाच्या प्रेमात आकंठ बुडालेली. ते प्रेम बोलून दाखवायचं कसं, हे तिला कळत नाही. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

ही अल्मा पेजनं केली. मोठ्या थिएटरात जे हरवलं होतं, ते त्या लहान जागेत सापडलं. अल्माला घाबरली की हसायची सवय आहे, बोलता बोलता तिचा श्वास अडकतो, हात आपोआप गळ्याकडे जातो. हजार माणसांच्या सभागृहात मागच्या रांगेपर्यंत यातलं काय पोचणार? इथे सगळं पोचलं. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे ब्रूक्स अॅटकिन्सन तेव्हा नाट्यसमीक्षेतलं सगळ्यात वजनदार नाव. त्यांनी या प्रयोगाची मनापासून तारीफ केली आणि लोक तिकिटं काढून ग्रीनिच व्हिलेजमध्ये येऊ लागले. अमेरिकेतल्या ऑफ-ब्रॉडवे, म्हणजे मुख्य धंदेवाईक रंगभूमीबाहेरच्या चळवळीचा इतिहास सांगताना अभ्यासक या प्रयोगाला मैलाचा दगड मानतात. पेज तेव्हा २७ वर्षांची होती.

पुढच्याच वर्षी हॉलिवूडनं तिला बोलावलं. ‘होंडो’ या वेस्टर्न चित्रपटात, थेट जॉन वेनसमोर. ओसाड माळावर मुलाला घेऊन एकटी राहणारी अँजी लोव ती झाली, आणि पहिल्या मोठ्या भूमिकेलाच सहायक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. एवढ्यावर एखादीची गाडी भरधाव सुटली असती. तिच्या बाबतीत उलटं झालं. पुढची सात-आठ वर्षं सिनेमाचं दार जवळजवळ बंद. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून कलावंतांची नावं काळ्या यादीत टाकली जात होती. उटा हेगनचं नाव त्यात होतं, आणि गुरूच्या नावाची झळ शिष्येलाही लागली असं सांगितलं जातं. ती रंगभूमीवर परतली. तोवर ब्रॉडवेही तिला ओळखू लागला होता. जेम्स डीन नावाच्या, अजून फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या पोराबरोबर तिनं १९५४मध्ये ‘द इमॉरलिस्ट’ केलं, त्याच वर्षी ‘द रेनमेकर’ केलं. हा काळ वाया गेला असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. याच वर्षांत तिचा अभिनय घडला, मुरला.

त्याचं फळ म्हणजे १९५९चं ‘स्वीट बर्ड ऑफ यूथ’. पुन्हा टेनेसी विल्यम्स, दिग्दर्शक एलिया कझान, समोर पॉल न्यूमन. पेजनं साकारली अलेक्झांड्रा डेल लागो. ही एकेकाळची मोठी चित्रतारका. पुनरागमनाचा चित्रपट आपटला अशा समजुतीनं ती पळून आलीय, दारू आणि अमली पदार्थांत तोंड लपवून हॉटेलच्या खोलीत पडलीय. तिला जपणारा, वापरणारा आणि तिच्या जिवावर मोठं व्हायची स्वप्नं पाहणारा तरुण म्हणजे न्यूमनचा चान्स वेन.

या नाटकातला टेलिफोनचा प्रसंग सांगायलाच हवा. आपण रेडिओवर आहोत आणि तो बराचसा आवाजाचाच प्रसंग आहे. चान्स हॉलिवूडच्या एका बड्या स्तंभलेखिकेला फोन लावून देतो. अलेक्झांड्रानं आपली शिफारस करावी, एवढीच त्याची आशा. ती भीत भीत रिसीव्हर हातात घेते. आवाज आधी पडलेला, चाचपडणारा. पलीकडून कळतं की चित्रपट पडलेला नाही, चांगलाच गाजतोय. मग त्या आवाजाचं काय होतं ते ऐका. आधी विश्वास बसत नाही, मग श्वास परत येतो, मग कणा ताठ होतो, आणि काही क्षणांत ती पुन्हा सम्राज्ञी. शेजारी हातवारे करून आपलं नाव घ्यायला विनवणारा मुलगा तिच्या लेखी आता तिथे नाहीच. पलीकडचा आवाज प्रेक्षकाला ऐकू येत नाही. सगळं या एका बाईच्या बोलण्यातून आणि ऐकण्यातून समजतं. मला विचाराल तर नुसतं ऐकण्याचा इतका सुंदर अभिनय मी फार थोड्यांचा पाहिलाय. सुदैवानं तो १९६२च्या चित्रपटात टिकून आहे. त्याच्या आदल्या वर्षी ‘समर अँड स्मोक’चाही चित्रपट आला, अल्मा तीच. दोन्हींसाठी तिला ऑस्करची नामांकनं मिळाली.

तिच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला गेला, तो लपवण्यात अर्थ नाही. तिच्या लकबी फार, असं काही समीक्षक म्हणत. हातांची फडफड, अर्ध्यात तुटणारी वाक्यं, एकाच शब्दावर दोनदा घेतलेला श्वास. काही भूमिकांत हे जास्त होतं, मान्य. पण तिच्या बहुतेक बायका कशाला तरी दाबून धरून जगणाऱ्या आहेत. दाबलेलं कुठून तरी बाहेर येणारच, ते तिच्या हातांतून आणि श्वासातून येतं. वुडी अॅलनच्या १९७८च्या ‘इंटिरियर्स’मध्ये तिनं दाखवून दिलं की ती हे सगळं काढूनही टाकू शकते. घरातली प्रत्येक वस्तू, प्रत्येक रंग आपल्या मनासारखा हवा असलेली ती ईव्ह. नवरा सोडून गेल्यावर खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीनं बंद करते, तो प्रसंग पाहा. तोंडात एक शब्द नाही. पट्टी ताणल्याचा, फाटल्याचा आवाज, आणि एक नीटनेटकी बाई नीटनेटकेपणानं मरणाची तयारी करतेय.

मधल्या काळातलं किती सांगू? १९६४मध्ये अॅक्टर्स स्टुडिओ या न्यूयॉर्कच्या नटांच्या संस्थेनं चेखवचं ‘थ्री सिस्टर्स’ केलं, त्यातल्या बहिणींपैकी ती ओल्गा होती, अभिनेत्री किम स्टॅनली माशा. नवरा रिप टॉर्न, तोही कसलेला नट. मुलं, घर, त्यातून नाटकं. टीव्हीसाठी ट्रुमन कपोटीच्या कथांवरच्या दोन कार्यक्रमांत काम केलं, दोन्हींसाठी तिला टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला. आणि १९८२मध्ये ब्रॉडवेवर ‘अॅग्नेस ऑफ गॉड’, त्यातली मठाची प्रमुख मदर सुपीरियर.

मग १९८५चा ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’. हॉर्टन फूटची ही कथा मुळात १९५३ची, आधी टीव्हीवर आणि मग ब्रॉडवेवर अभिनेत्री लिलियन गिशनं गाजवलेली. ह्यूस्टनच्या दोन खोल्यांत मुलगा-सुनेबरोबर राहणारी म्हातारी कॅरी वॉट्स. तिनं घरात भजनं गुणगुणलेली सुनेला खपत नाहीत. पेन्शनच्या चेकवर घरच्यांची नजर. मरण्याआधी एकदा आपलं बाउंटिफुल गाव पाहायचं एवढा एकच ध्यास, आणि एके दिवशी ती चेक लपवून पळ काढते. गावात आता कुणी उरलेलं नाही, घर मोडकळीला आलंय, तरी तिला जायचंय. पेजची कॅरी बिचारी वाटत नाही, हे त्या भूमिकेचं यश. ती हट्टी आहे, थोडी लबाड आहे, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी तरुणीशी बोलायला लागली की विलक्षण गोड आहे.

ऑस्करच्या समारंभात पाकीट उघडलं अभिनेता एफ. मरे एब्राहमनं. नाव वाचण्याआधी तो म्हणाला की या स्त्रीला मी इंग्रजी भाषेतली सर्वश्रेष्ठ अभिनेत्री मानतो. सभागृह उठून उभं राहिलं. हीच भूमिका पाहून अभिनेत्री सिसिली टायसननं मनाशी ठरवलं होतं की मलाही असं काही करायचंय. २०१३मध्ये ब्रॉडवेवर ती कॅरी वॉट्स झाली आणि तिला रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. तिनं रंगमंचावर भजन सुरू केलं की प्रेक्षकही गाऊ लागायचे.

पेजला टोनी मात्र कधीच मिळाला नाही. चार नामांकनं, पुरस्कार शून्य. जिनं आपली उत्तम वर्षं रंगभूमीला दिली, तिला रंगभूमीच्या सर्वोच्च पुरस्कारानं हुलकावणी द्यावी, हे मला ऑस्करच्या सात पराभवांपेक्षा कितीतरी जास्त लागतं. चौथं नामांकन ‘ब्लाइद स्पिरिट’साठी होतं. मार्च १९८७मध्ये ते ब्रॉडवेवर आलं, त्यात ती आत्म्यांना बोलावणारी विक्षिप्त मादाम आर्काती होती. ऑस्कर मिळून वर्ष झालं होतं आणि ती पुन्हा आठवड्याला आठ प्रयोग करत होती. १३ जूनला, शनिवारी, ती थिएटरवर पोचलीच नाही. न्यूयॉर्कच्या चेल्सी भागातल्या आपल्या घरी हृदयविकारानं तिचा मृत्यू झाला होता. वय ६२. पुढचे प्रयोग दुसऱ्या अभिनेत्रीनं केले, महिनाअखेरीस नाटक बंद झालं. चेल्सीतलं ते घर तिच्या मुलांनी नाटकासाठी खुलं ठेवलं. तिथे नाट्यवाचनं होतात, प्रयोग होतात.

श्रोतेहो, तिचं काम पाहायचं ठरवलंत तर सुरुवात ‘बाउंटिफुल’पासून करा, मग ‘स्वीट बर्ड ऑफ यूथ’कडे वळा. टेलिफोनचा प्रसंग आधी नेहमीसारखा पाहा. नंतर पुन्हा लावा, आणि या वेळी डोळे मिटून ऐका. नमस्कार.