कालचाच भाव

(दृश्य: गंगापूर रोडवरची खोली. टेबलावर लॅपटॉप, शेजारी स्पीकरवर टाकलेला फोन.)

"अण्णा, भाव बदलला का?"

"कालचाच दिसतोय गं."

अण्णा लासलगावला, लिलावाच्या रांगेत ट्रॅक्टरवर बसलेत. मुलगी इथं नाशकात कांद्याच्या भावाचं वेब पेज बनवतेय. रांगेत रेंज येते-जाते, म्हणून तिनं पेजमागे सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमध्ये पेजच्या आड चालणारी छोटी स्क्रिप्ट, बसवलाय. दर पाच मिनिटांनी पेज त्याला विचारतं, नवीन काही? तो सर्व्हरवरून भाव आणतो, जपून ठेवतो, पेजला कळवतो.

कळवतो, एवढंच. वर्कर वेगळ्या थ्रेडवर, पेजपासून अलग, चालतो, पेजवरचा एक आकडाही त्याला स्वतः पुसता येत नाही. जाताना निरोप, येताना निरोप; दोन्हीकडून पोस्टमेसेज, निरोप धाडायची आज्ञा. आकडा बदलायचा तो पेजनंच. क्रोममध्ये सर्व्हिस वर्करची सोय २०१५ पासून आहे, सफारीत २०१८ पासून.

"परत उघडू का?"

"नको नको, तसंच राहू द्या!"

(दृश्य: स्क्रीन जवळून. तिनं इन्कॉग्निटो खिडकी उघडलीय, म्हणजे पेज पहिल्यांदाच उघडल्यासारखं. कन्सोलमध्ये, ब्राउझरच्या तपासणीच्या चौकटीत, एकच शब्द: नल, म्हणजे काहीच नाही.)

गोम इथं होती. पेज पहिल्यांदा उघडतं तेव्हा वर्कर नुकताच बसत असतो, त्या पेजचा ताबा त्याच्याकडे आलेला नसतो. कंट्रोलर, म्हणजे पेजचा ताबा असलेला वर्कर, नल. तिनं लिहिलं होतं, 'कंट्रोलर असेल तर विचार'. नव्हता, म्हणून पेज गप्प. एररसुद्धा नाही. 'असेल तर'ची ही सोय मला तरी चोरवाट वाटते. पेज परत उघडलं असतं, तर सगळं सुरळीत झालं असतं आणि चूक तशीच दडून राहिली असती. तिच्या लॅपटॉपवर ती दडलेलीच होती. अण्णांनी मात्र फोन कालच बदललाय, आणि पेज सकाळी, लिलावाआधी, पहिल्यांदाच उघडलंय.

उपाय दोन ओळींचा. वर्कर ॲक्टिव्हेट होताच 'क्लायंट्स क्लेम' म्हणून उघडी पेजं ताब्यात घेतो. कंट्रोलर नसेल तर पेज 'कंट्रोलरचेंज'ची, म्हणजे ताबा बदलल्याच्या इशाऱ्याची, वाट बघतं आणि मगच विचारतं.

जाता जाता तिनं भावांची यादीही व्हेरिएबलमधून इंडेक्स्डडीबीत, ब्राउझरच्या टिकाऊ साठ्यात, हलवली. काम नसलं की ब्राउझर वर्करला बंद करतो. पुन्हा उठतो तेव्हा व्हेरिएबलं कोरी.

"अण्णा, साइटचा डेटा पुसा आणि उघडा. मग हात लावू नका."

(दृश्य: पाच मिनिटं. कॅमेरा हलत नाही. फोनमधून ट्रॅक्टरची धडधड.)

"हं, हलला गं आकडा. ठेव आता, रांग सरकली."