उष्टा धागा

(परळमध्ये झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘जागतिक न्याय : जवळच्यांचं देणं, लांबच्यांचं देणं’. त्या विषयावर बोलणारच आहे, पण रस्ता परळच्या कापडगिरण्यांवरूनच जातो, त्याला इलाज नाही. पंचेचाळीस मिनिटं दिली होती. हार एकच असूनही स्वागतात दहा गेली.

म्हणून मुद्दा आधीच सांगून टाकते. हक्क कायद्यात लिहिला की तो तयार होतो आणि बंधुता ही वरून भुरभुरायची कोथिंबीर, असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. माझा हक्क मोडला तर शेजारचा माणूस हातातलं काम खाली ठेवेल का, यावर माझा हक्क आहे की नुसता लिहिलाय, हे ठरतं.

महाड तुम्हाला सांगायला नको. पण तारखा लावून बघा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात झाला ४ ऑगस्ट १९२३ ला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. प्रत्यक्ष पाणी प्यायलं गेलं २० मार्च १९२७ ला, आणि त्याबद्दल डोकी फुटली. मधल्या साडेतीन वर्षांत हक्क होता की नव्हता? कागद म्हणतो होता. पुढे नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला, आणि तळ्याच्या हक्काबद्दल हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. घटना समितीतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेब म्हणाले, बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता अंगवळणी पडणार नाहीत, त्या पाळून घ्यायला शिपाई उभा करावा लागेल. त्या भाषणातली राजकारणात समता आणि सामाजिक जीवनात विषमता ही विसंगती आपण दर सव्वीस जानेवारीला ऐकतो. शिपायाचं वाक्य मात्र कोणी घेत नाही. बहुधा मंचावर बंदोबस्ताचा शिपाई उभाच असतो म्हणून. (हशा)

आता गिरणीत येऊ. इथे कितीजणांनी धोटा हातात धरलाय? चार, पाच हात. बाकीच्यांसाठी सांगते. धोटा म्हणजे लाकडी होडीसारखा, दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, पोटात बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, सुताची कांडी आणि बाजूला एक बारीक डोळा. कांडी संपली की सांचा, म्हणजे माग, थांबवायचा, रिकामी कांडी काढून भरलेली बसवायची, सुताचं टोक आतून डोळ्याशी आणायचं. मग बाहेरून डोळ्याला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. टोक तोंडात येतं. ते धरून ओढलं, धोटा जागेवर ठेवला की सांचा सुरू. हाताने किंवा हुकाने टोक काढता येत नव्हतं असं नाही, पण त्यात वेळ जातो, आणि विणकराची मजुरी कापडाच्या मापावर. सांचा थांबला की पैसे थांबले. म्हणून ओठ. दर काही मिनिटांनी, दिवसभर. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठाला. नाकातोंडात कापसाची तूस जायची ती वेगळीच, आणि एकाचा खोकला सगळ्यांचा व्हायला हा रस्ता अगदी सरळ.

म्हणजे विणाई खात्यात माणसं एकमेकांचं उष्टं तोंडात घेत होती, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. फक्त त्यात अस्पृश्य मानलेल्या कामगाराचं उष्टं चालत नव्हतं. त्याला रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, जागा, जिथे मजुरी कमी. विणाईत तो दिसता कामा नये. लक्षात घ्या, असा नियम गिरणीमालकाने भिंतीवर लावलेला नव्हता. मालकाला कापड हवं होतं, ते कोणाच्या ओठांतून येतं याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. नियम पाळून घेत होते ते कामगार.

१९२८ च्या एप्रिलात संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार, जवळपास सहा महिने. मागण्या रास्त होत्या. विणकराला दोनाऐवजी तीन सांचे चालवायला लावण्याचा घाट होता, मजुरीत कपात होती. लाल बावटा, सभा, धान्यवाटप, जगभरच्या कामगारांनो एक व्हा, सगळं होतं. तेव्हा आंबेडकरांनी संपाच्या नेत्यांना सांगितलं की विणाई खातं आमच्या माणसांना खुलं करा, ही मागणी यादीत घाला, नाहीतर मी त्यांना संपात उतरू नका म्हणेन. नेत्यांनी नाखुशीने ती घातली. आणि यादी मालकांपुढे गेली तेव्हा मालकांनी काय म्हणावं? की हा अन्याय असेल तर तो आमचा नाही. (हशा) हसा, पण त्या दिवशी मालकांचं बरोबर होतं, आणि चळवळीच्या इतिहासात याहून लाजिरवाणी जागा मला दुसरी माहीत नाही. सहा महिने उपाशी राहायची तयारी असलेला माणूस एका धोट्यापाशी अडला. तो शूर नव्हता असं कोणी म्हणू शकणार नाही.

बरं, हे होऊनही ७ नोव्हेंबर १९३८ ला संपावर बंधनं घालणाऱ्या औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन मुंबईत एक दिवसाचा संप करतात. तेव्हा एकजूट आपोआप येत नाही आणि कायमची तुटतही नाही. तिला अटी असतात, त्या अटी मांडाव्या लागतात, आणि मांडणाऱ्याला ‘फूट पाडतोय’ हे ऐकून घ्यावं लागतं. आजही लागतं.

आता हे सगळं जुनं झालं असं ज्यांना वाटतंय त्यांनी आपल्या सोसायटीच्या लिफ्टपाशी उभं राहावं. गिरण्यांच्या जागेवर जे टॉवर आलेत त्यांतल्या कित्येकांत घरकाम करणाऱ्या बाईंना वेगळी लिफ्ट असते. ती घरात पोळ्या लाटते, त्या आपण खातो, पण वर जायचं तर दुसरीकडून. हा नियम कुठल्या सर्वसाधारण सभेत झाला विचारा. कोरम म्हणजे दोन तृतीयांश सभासद किंवा वीस, यांतला कमी आकडा. तेवढे न जमले तर अर्धा तास थांबायचं आणि मग जमलेल्या आठ जणांनी कोरमशिवाय सभा उरकायची. लोकशाहीवरचे सगळे ग्रंथ एकीकडे आणि हा अर्धा तास एकीकडे. (हशा) त्या आठ जणांतही ज्यांच्यासाठी लिफ्ट वेगळी केली त्यांच्यापैकी कोणी नसतं.

एक जाता जाता. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात चोविसावं कलम विश्रांतीचं आणि पगारी सुट्टीचं आहे. मॉरिस क्रॅन्स्टन नावाचे इंग्रज तत्त्वज्ञ साठच्या दशकात म्हणत, पगारी सुट्टी हा कसला वैश्विक हक्क, ज्याला नोकरीच नाही त्याला तो कसा मिळणार? मुद्दा तर्काला बरा आहे. पण याच शहरात नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८९० मध्ये, जाहीरनाम्याच्या ५८ वर्षं आधी, गिरणी कामगारांना रविवार मिळवून दिला होता. ज्याला आठवड्यातला एक दिवस स्वतःचा नाही तो सभेला कधी जाणार, मत कधी बनवणार? क्रॅन्स्टनना सुट्टी ही चैन वाटली, कारण त्यांना ती होती.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे जागतिक न्याय दहा मिनिटांत. बरं.

तर ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ पीटर सिंगर, १९७२. संदर्भ पूर्व बंगालमधल्या निर्वासितांचा. तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे ओले होतील म्हणून थांबाल का? नाही ना, मग अंतराने काय फरक पडतो? उत्तर देता येत नाही, पण हे दात्याचं तत्त्वज्ञान आहे. बुडणाऱ्याला यात बोलायला जागा नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स म्हणतात, न्यायाचं पुरतं देणं एकाच समाजात सहकार्याने जगणाऱ्यांमधलं. बाहेरच्या हलाखीतल्या समाजांना ते पायावर उभे राहीपर्यंत मदत करायची, पुढे नाही. त्यांना जर्मन तत्त्वज्ञ थॉमस पोगे अडवतात : मदत कसली, तुमच्याच व्यापाराच्या आणि कर्जाच्या नियमांनी त्यांचं नुकसान होतंय, ते आधी थांबवा. आणि अमेरिकन राजकीय विचारवंत आयरिस मॅरियन यंग. मला सगळ्यांत जवळच्या त्याच. त्या कपड्यांच्या कारखान्याचंच उदाहरण घेतात. अन्याय निर्माण करणाऱ्या साखळीत जो कडी आहे त्याच्यावर जबाबदारी आहे, दोष नसला तरी, आणि ती एकट्याने पार पाडता येत नाही. त्यांचं सूत्र धोट्याला बरोबर लागतं. कोणाच्या तोंडातून आलेला धागा माझ्या अंगावर आहे?

ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत. वरचे मजले बेकायदा, वर जनरेटर. २३ एप्रिल २०१३ ला भिंतींना तडे दिसले. खालच्या बँकेने माणसं घरी पाठवली. वरच्या शिलाई कामगारांना दुसऱ्या दिवशी पगार कापण्याच्या धाकाने आत घेतलं. ११३४ माणसं मेली. तडे दोघांनीही पाहिले होते. फरक इतकाच की वरच्यांच्या बाजूने काम थांबवणारी संघटना नव्हती. जगण्याचा हक्क बांगलादेशाच्या घटनेतही आहे हो.

पुढच्याच महिन्यात कपड्यांचे ब्रँड आणि जागतिक कामगार महासंघ यांच्यात करार झाला. त्यातलं महत्त्वाचं एवढंच : तो सदिच्छापत्र नव्हता, कायद्याने बांधणारा होता, भांडण लवादाकडे नेता येत होतं. तपासणीचे अहवाल जाहीर. दुरुस्ती न करणाऱ्या कारखान्याला सह्या करणाऱ्या कुठल्याच ब्रँडची ऑर्डर नाही. धोका दिसला तर काम नाकारायचा कामगाराला अधिकार. सिंगरचं तळं आणि हा करार यांत मी केव्हाही करार उचलेन.

आणि आपल्याकडे, तामिळनाडूत दिंडिगल इथे २०२२ मध्ये असाच बांधून घेणारा करार झाला. एका दलित तरुणीचा तिच्या सुपरवायझरने खून केल्यानंतर, दलित स्त्रियांनी चालवलेल्या संघटनेने तो मिळवला. दर २५ कामगारांमागे त्यांच्यातलीच एकजण लक्ष ठेवणारी, आणि त्यात लैंगिक छळाबरोबर जातीवरून होणारा भेदभावही धरलेला. पुरवठादाराने कलम मोडलं तर ब्रँडने त्याच्या धंद्यावर परिणाम होईल असं पाऊल उचलायचं. १९२८ च्या यादीत जे नाखुशीने घालावं लागलं, ते इथे करारात आलं.

यंत्रमागांच्या भिवंडीत असं का होत नाही, हे कोणीतरी विचारणारच, म्हणून आधीच सांगते. तिथे बऱ्याच ठिकाणी सूत व्यापाऱ्याचं, माग दुसऱ्याचा, कामगार तिसऱ्याने आणलेला, आणि मजुरी मीटरवर. ब्रँडचं नाव गाळ्यापर्यंत पोचतच नाही. तेव्हा सही कोणाची घ्यायची इथूनच सुरुवात करावी लागेल, आणि त्यासाठी कापड गाळ्यातून निघाल्यावर कोणाकोणाच्या चलनावर, म्हणजे माल पाठवल्याच्या कागदावर, चढतं ते कोणीतरी बसून लिहून काढलं पाहिजे. प्रोसेस हाऊसची, म्हणजे कापड रंगवणाऱ्या-धुणाऱ्या कारखान्यांची, चलनं मिळाली तरी निम्मं काम होतं.

अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न घेऊ.