शिष्यवृत्ती पुन्हा चौथी-सातवीला

श्रोतेहो, नमस्कार.

महाराष्ट्रातली शिष्यवृत्ती परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीच्या वर्गात आली आहे. गेली काही वर्षं ती पाचवीला आणि आठवीला होती. आता परत चौथी आणि सातवी. हे मी आज दोन-तीनदा म्हणणार आहे, कारण आपल्या पोराला नेमकं कुठल्या वर्षी बसवायचं, याचा गोंधळ अजून घराघरांत आहे.

गोंधळ आधी मिटवू. १९५४-५५ पासून ही परीक्षा राज्यात चालत आली, ती चौथी आणि सातवीला. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. २०२५-२६ हे जोडवर्ष. या एका वर्षात चारही वर्गांची परीक्षा होते: पाचवी-आठवीची फेब्रुवारीत आणि चौथी-सातवीची उन्हाळ्यात. २०२६-२७ पासून फक्त चौथी आणि सातवी. म्हणजे २०२५-२६ पासून जो मुलगा चौथीत असेल, त्यानं चौथीतच बसायचं. ‘पाचवीत बघू’ म्हणाल, तर पाचवीत त्याच्यासाठी परीक्षाच नसेल. पुन्हा सांगतो: पाचवीत बघू, असं म्हणू नका.

मुळात परीक्षा पाचवीला नेली कशासाठी? शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक असे टप्पे ठरवले. टप्प्याच्या शेवटी परीक्षा असावी, म्हणून पाचवी आणि आठवी. कागदावर हे बरोबर दिसतं. पण आपल्या शाळा त्या कागदाप्रमाणे बांधलेल्या नाहीत. त्यासाठी एक गाव डोळ्यांसमोर आणा. नावाची गरज नाही, अशी गावं प्रत्येक तालुक्यात आहेत.

वस्ती दीड-दोन हजारांची. देवळामागे जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. व्हरांड्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं रंगवलेला फलक: ‘शिष्यवृत्तीधारक विद्यार्थी’. डावीकडे साल, मध्ये नाव, उजवीकडे गुण. चौथीचा वर्ग ज्या गुरुजींकडे, ते गणपती उठले की जादा तास सुरू करायचे. शाळा साडेदहाची, पण चौथीची पोरं साडेआठला हजर. पहिला अर्धा तास पाढे. मग फळ्यावर दहा प्रश्न: कधी संख्यामालिका, कधी सांकेतिक भाषा, कधी रांगेतलं स्थान. आरशातली प्रतिमा शिकवताना गुरुजी खरा आरसा आणायचे आणि पोरांना आपापलं नाव कागदावर लिहून त्यात बघायला लावायचे. पुठ्ठ्याचं घड्याळ, जुनी दिनदर्शिका, सुतळीनं मोजलेली परिमिती. एवढ्यावर वर्ष निघायचं.

आणि एक वही. चुकांची वही. प्रत्येक मुलाला एक पान, पानावर तीन रकाने: प्रश्न वाचताना झालेली चूक, आकडेमोडीतली चूक, उत्तरपत्रिकेवर गोल रंगवताना झालेली चूक. सराव पेपर झाला की फक्त या रकान्यांत रेघा मारायच्या. महिन्याभरात दिसायचं की अमुक पोरीला गणित येतं, पण ‘नाही’ हा शब्द तिच्या नजरेतून सुटतो. ‘पुढीलपैकी कोणती संख्या मूळ नाही?’ असा प्रश्न आला की ती मूळ संख्याच शोधते. मग तिला गणित शिकवायचं नाही. प्रश्नातल्या ‘नाही’खाली रेघ मारायची सवय लावायची. हे कळायला मूल तीन-चार वर्षं हाताखाली लागतं. दुसरीत अक्षर कसं होतं, तिसरीत वजाबाकी कुठे अडली, हे गुरुजींना ठाऊक. घरात अभ्यासाला दिवा आहे की नाही, तेही ठाऊक.

परीक्षेच्या दिवशी पोरं वडापमधून तालुक्याला. निकाल लागला की पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीपुढे सत्कार, आणि आठवड्याभरात पेंटर येऊन फलकावर नाव चढवून जायचा. बाजारच्या गावातल्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी गावात फिरायला लागली, तेव्हा त्या फलकाकडे बोट दाखवून गुरुजींनी पट टिकवला.

मग परीक्षा पाचवीला गेली. आणि शाळा तर चौथीलाच संपत होती! जूनमध्ये पोरानं दाखला काढला आणि पाच किलोमीटरवरच्या हायस्कूलमध्ये गेलं. तिथे एका तुकडीत पन्नास-साठ मुलं, आठ गावांतून आलेली. वर्गशिक्षकांना नावं पाठ होईपर्यंत दिवाळी येते, आणि फेब्रुवारीत परीक्षा. मुख्याध्यापकांचं सगळं लक्ष दहावीवर, ते साहजिकच आहे. तासिका पस्तीस मिनिटांची, गणिताला एक शिक्षक, मराठीला दुसरे, इंग्रजीला तिसरे. आणि बुद्धिमत्ता चाचणी? ती वेळापत्रकात कुणाचाच विषय नाही. तीनशेपैकी शंभर गुण बुद्धिमत्तेचे, आणि तेच शिकवायला माणूस नाही. इकडे गुरुजींकडे आरसा होता, घड्याळ होतं, वही होती, पण परीक्षाच नव्हती. सातवीपर्यंतच्या शाळांचं आठवीबाबत अगदी हेच झालं. बसणाऱ्या मुलांची संख्या घसरत गेली. फलकावरचं शेवटचं साल २०१५.

काही हायस्कुलांनी उत्तम तयारी करून घेतली, काही ठिकाणी जिल्हा परिषदेच्या शाळेलाच पाचवीचा वर्ग जोडला गेला. तिथे नुकसान कमी झालं. पण परीक्षा ज्या वर्गाला, तो वर्ग ज्या शिक्षकाचा, त्याच शिक्षकानं मूल वाढवलेलं असलं पाहिजे. म्हणून चौथी-सातवीला परत येण्याचा निर्णय योग्य आहे, आणि तो उशिरा झाला आहे.

आता फलकाचा विषय निघालाच आहे, तर बोलतो. हल्ली निकाल लागला की चौकात फ्लेक्स लागतो. नऊ-दहा वर्षांच्या पोराचा पासपोर्ट फोटो एका कोपऱ्यात, आणि वर शुभेच्छुकांचे हातभर मोठे चेहरे. पंधरा दिवसांत तो फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर पडतो. भिंतीवरचा रंगवलेला फलक हजारपाचशेत होतो, त्यावर फोटो लागत नाही आणि पुढची पोरं तो वर्षानुवर्षं वाचतात. शाळांनी फलकच रंगवावेत.

पेपरकडे वळू. पेपर दोन, प्रत्येकी ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न. दुसऱ्यात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्तेचे ५०. शिष्यवृत्तीसाठी पात्र ठरायला दोन्ही पेपरांत वेगवेगळे किमान ४० टक्के लागतात. एकात ८० आणि दुसऱ्यात ३५ टक्के, तर उपयोग नाही. दोन्हीत ४०, हे लक्षात ठेवा. त्यापुढे मंजूर संचाप्रमाणे, म्हणजे मंजूर असलेल्या शिष्यवृत्तींच्या संख्येप्रमाणे, गुणवत्ता यादी लागते.

दीड तासाची ७५ प्रश्नांत वाटणी केली, तर एका प्रश्नाला ७२ सेकंद येतात. पण सगळ्यांना सारखी वाटणी करू नका. भाषेचे २५ प्रश्न वीस-बावीस मिनिटांत संपवायची सवय लावा, म्हणजे गणिताच्या ५० प्रश्नांना तासाहून जास्त वेळ उरतो. उतारा असेल तर मुलानं आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही.

सगळ्यात जास्त घात होतो तो उत्तरपत्रिकेवर. निळ्या किंवा काळ्या बॉलपेननं गोल भरायचा असतो, पेन्सिल चालत नाही आणि एकदा भरलेला गोल बदलता येत नाही. मूल चौदावा प्रश्न अवघड म्हणून सोडतं आणि पंधराव्याचं उत्तर चौदाव्या ओळीत भरतं. तिथून पुढे सगळं एक ओळ सरकतं. याला उपाय एकच: गोल भरताना प्रश्नाचा क्रमांक ओठांत म्हणायचा आणि डाव्या हाताचं बोट त्या ओळीवर ठेवायचं. दर पाच प्रश्नांनी क्रमांक ताडून बघायचा. घरी सराव करताना प्रश्नपत्रिकेवर खुणा करू देऊ नका. कोऱ्या गोलांच्या झेरॉक्स आणा, दहा रुपयांत काम होतं, आणि पहिल्या दिवसापासून गोलच भरायला लावा.

वरच्या वर्गाच्या पेपरात आणखी एक खोच आहे. आठवीच्या पेपरात जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना दोन बरोबर पर्याय असायचे, आणि दोन्ही गोल भरले तरच गुण मिळायचे. एकच भरला तर शून्य, आणि तिसरा भरला तरी शून्य. सातवीच्या मुलांनीही हा सराव करावा. ‘दोन अचूक पर्याय निवडा’ ही सूचना त्या प्रश्नासोबतच असते, तिच्याखाली रेघ मारायची.

वर्षातून तीनदा सरकारी आणि अनुदानित शाळांत होते ती चाचणी, वर्षाच्या सुरुवातीची पायाभूत आणि सत्रांच्या शेवटी दोन संकलित, ती वेगळी. ती वर्गातल्या सगळ्यांची असते, मूल कुठे मागे आहे हे बघायला. शिष्यवृत्तीशी तिचा संबंध नाही, आणि तिच्यासाठी क्लास लावायची काहीही गरज नाही.

या बदलातून पालकांचा आणखी एक फायदा होतो. नवोदयची प्रवेश परीक्षा पाचवीत असते. शिष्यवृत्ती चौथीत झाली की त्या मुलाला पाचवीत सगळं लक्ष नवोदयवर देता येतं. याआधी दोन्ही परीक्षा एकाच हिवाळ्यात आदळत होत्या.

आता पैशाची गोष्ट, कारण नवी अडचण इथेच येणार आहे. २०२३-२४ पासून खालच्या वर्गाच्या शिष्यवृत्तीला वर्षाला ५,००० आणि वरच्या वर्गाच्या शिष्यवृत्तीला ७,५०० रुपये आहेत. ही रक्कम थेट बँक खात्यात येते, आणि खात्याची माहिती मूल ज्या शाळेत शिकतं ती शाळा भरते. पाचवीला परीक्षा होती तेव्हा मूल बहुतेक वेळा त्याच शाळेत सहावीला जायचं. आता चौथीत परीक्षा देऊन मूल जूनमध्ये शाळा बदलेल. जुनी शाळा म्हणेल मूल आमच्याकडे नाही, नव्या शाळेला हे मूल शिष्यवृत्तीधारक आहे याचा पत्ता नसेल. म्हणून दाखला काढताना निकालपत्राच्या आणि गुणवत्ता यादीतल्या पानाच्या दोन प्रती घ्या. एक नव्या शाळेच्या कार्यालयात प्रवेशाच्या दिवशीच द्या आणि पोच घ्या. मुलाचं खातं निकालाआधीच काढून आधारला जोडा. पासबुकावरचं स्पेलिंग आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव एक करून घ्या. बँकेचं विलीनीकरण झालं असेल तर नवा आयएफएससी कोड विचारा, जुन्या कोडवर गेलेली रक्कम परत फिरू शकते. आणि जुलै उलटला तरी नव्या शाळेनं माहिती भरली नसेल, तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या.