गेरूच्या टेकडीवरचं रुसियों

समोर दिसतंय ते रुसियों. दक्षिण फ्रान्समधल्या ल्युबेरों भागातलं, टेकडीवर वसलेलं छोटंसं गाव. माथ्यावर सेंट मायकेलचं चर्च, खाली घड्याळाच्या मनोऱ्याची जुनी वेस आणि उतारावर पिवळी, नारिंगी, तांबूस घरं. भोवतालचे कडेही त्याच रंगाचे. ते नुसत्या वाऱ्यापावसानं घडलेले नाहीत. कुदळीनं खणलेल्या खाणीच आहेत त्या!

सिरमोंद नावाच्या स्त्रीनं कड्यावरून उडी टाकली आणि तिच्या रक्तानं माती लाल झाली, अशी दंतकथा इथं सांगतात. मुळात ती परपिन्याँ शहराजवळच्या दुसऱ्या रुसियोंची. नाव सारखं, म्हणून इथं येऊन चिकटली.

मातीची खरी हकिकत समुद्रापासून सुरू होते. 10 कोटींहून अधिक वर्षांपूर्वी इथं समुद्रतळाशी हिरवट वाळू साचली. पुढं समुद्र हटला, उष्ण हवामानातल्या पावसानं तिच्यातली खनिजं बदलली, आणि उरली पांढरी चिकणमाती, लोहाचं पिवळं खनिज गोथाइट आणि वाळू. वाळूच 80 ते 90 टक्के. म्हणजे रंग हवा, तर आधी वाळू काढायला हवी.

ही धुण्याची रीत 18व्या शतकाच्या अखेरीस गावच्याच झाँ-एतियेन आस्तिये यांनी बसवली. खणलेल्या मातीवर पाणी सोडायचं आणि गढूळ लोंढा लांब पाटांतून न्यायचा. जड वाळू पाटातच बसते, बारीक रंग पाण्याबरोबर हौदात उतरतो. पाण्याला ओढ जास्त झाली तर वाळूही हौदात येते आणि रंग खरखरीत होतो. हौदात गाळ बसला की वरचं नितळ पाणी काढायचं, पुन्हा हौद भरायचा. हिवाळाभर हेच काम. वसंतात थर घट्ट झाला की त्याच्या विटा कापून उन्हावाऱ्यात वाळवायच्या, मग दळायच्या. ही झाली पिवडी. लाल गेरू हवा असेल तर भट्टीत 400 ते 500 अंशांपर्यंत तापवायचं: गोथाइटमधलं पाणी निघून जातं, हेमटाइट हे लाल खनिज बनतं.

1877 मध्ये जवळच्या आप्त शहरात रेल्वे आली आणि हा रंग दूरदेशी जाऊ लागला. 1929 नंतर मंदीनं आणि कृत्रिम रंगांनी धंदा बसवला. गावाबाहेरच्या माथ्यू कारखान्यात हौद, भट्टी, चक्की आजही पाहायला मिळतात.

गावातल्या भिंती मात्र अजून याच मातीनं रंगतात, कारण चुन्यात आणि उन्हात ती विटत नाही. प्रमाण चुकलं तर पंचाईत. रंग चुन्याच्या वजनाच्या पाव भागापलीकडे गेला, की चुना त्याला धरून ठेवू शकत नाही आणि हात लावताच भुकटी सुटते. कोरड्या भिंतीवर दिला तरी तेच. भिंत आधी भिजवावीच लागते.

कड्यांमधली पायवाट पावसात बंद असते. ओली माती घसरते, आणि प्रत्येक पावलागणिक कडा थोडा झिजतो. तिथून मूठभरही माती उचलायला मनाई आहे.