सुट्टीच्या दिवशीचं बिल

(दृश्य: नागपूरचं धंतोली, सकाळ. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दवाखान्यांच्या पाट्या.)

धंतोली, रामदासपेठ. गोंदिया-गडचिरोलीपासून पार छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे पेशंट इथे येतात. भरती होताना बोलणं होतं ते डिपॉझिटचं. एकूण आकडा कळतो सुट्टीच्या, म्हणजे डिस्चार्जच्या दिवशी, कॅश काउंटरवर.

खरं तर दरफलक दर्शनी भागात असलाच पाहिजे. जानेवारी २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नियमांनी १५ प्रकारच्या सेवांचे दर लावणं बंधनकारक केलं: खाट, आयसीयू, डॉक्टरची भेट, भूल, नर्सिंग, ऑक्सिजन, मॉनिटर वगैरे. फलक कधी कुंडीमागे सापडतो, कधी सापडतच नाही. सापडला तर भरतीच्या दिवशीच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मात्र दर किती असावा, हे हे नियम सांगत नाहीत. कोविडकाळात सरकारने कोविड नसलेल्या पेशंटांचेही दर बांधायला घेतले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेच सरकारला तो अधिकार नसल्याचं ठरवलं. त्यामुळे नुसत्या ‘फार महाग लावलं’ या तक्रारीत दम नसतो. दम असतो तो ‘हे झालंच नाही’, ‘हे आधीच धरलंय’ आणि ‘हे एमआरपीच्या वर आहे’ या तीन वाक्यांत.

(दृश्य: नमुना बिल, जवळून. एका ओळीवर बोट.)

‘कन्झ्युमेबल्स – १८,६४०.’ एवढंच. हातमोजे किती जोड्या, सिरिंजा किती, कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घालतात ती नळी) किती वेळा बदलली, काही पत्ता नाही. ही ओळ फोडून मागायची, तीही पैसे भरण्याआधी. सोबत फार्मसीची बॅच नंबरसह यादी. मग केस पेपर शेजारी ठेवून बसा. नर्सिंग चार्टवर ऑक्सिजन सकाळी सहाला काढल्याची नोंद, बिलात मात्र पूर्ण दिवस. डॉक्टरांच्या नोंदी चार, भेटी सात. आयसीयूचं भाडं लावलंय आणि मॉनिटरही वेगळा. मग त्या भाड्यात काय येतं, हे लेखी विचारा. परत केलेली औषधं वजा झाली का, तेही बघा. तिथे हमखास घोळ निघतो.

केस पेपर देत नसतील तर अर्ज करा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीनुसार मागणीपासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. अर्ज दोन प्रतींत, एकीवर पोच. तोंडी मागणीला तारीख नसते.

विम्याचं दुखणं वेगळं. समजा पॉलिसी ५ लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,०००. घेतली ८,००० ची खोली, तीन दिवस. माणूस म्हणतो, ९,००० जास्त गेले, चालतंय. पण अशा पॉलिसीत बहुधा सर्जन, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. ते ८०,००० असतील तर मिळतात ५०,०००. नऊच्या जागी एकोणचाळीस हजार खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. कंपनीने तिथेही लावली असेल तर हरकत घ्या. आणि कॅशलेसमध्ये सुट्टीची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची, असा विमा नियामक आयआरडीएआयचा २०२४ चा आदेश आहे. त्यापुढे खोलीचं भाडं वाढलं तर ते कंपनीच्या माथी.

(दृश्य: काउंटर. पेशंट व्हीलचेअरवर, नातेवाईक उभे.)

वाद मिटत नाही आणि पेशंटला घरी तर न्यायचंय. अशा वेळी पैसे भरा, पण पत्रावर लिहा: ‘अमुक ओळींवर हरकत नोंदवून रक्कम भरत आहे.’ पोच नाकारली तर तेच पत्र दवाखान्याच्या ईमेलवर पाठवा. मृत्यू झाला असेल तर बिलापायी पार्थिव अडवून ठेवता येत नाही, हेही २०२१ च्या त्याच नियमांत आहे.

पुढची तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. नोंदणी तेच देतात, म्हणून दवाखाना त्यांच्या पत्राला उत्तर देतो. पैसे परत हवे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग: मुदत दोन वर्षं, भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील सक्तीचा नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दावा लावता येतो. नागपूरच्या बिलासाठी गडचिरोलीच्या माणसाला नागपूरच्या चकरा मारायची गरज नाही.